जन्मस्थान चाळीसगाव

माझे वडील, म्हणजे आमचे नाना, नोकरीभर विमानांशी बोलत राहिले आणि वयाच्या शहाऐंशीव्या वर्षापर्यंत त्यांच्याकडे पासपोर्ट नव्हता. हे कोणाला सांगितलं की लोक हसतात. मीही हसायचे. विमानात ते दोनदा बसले, दोन्ही वेळा बदलीच्या निमित्तानं, आणि दोन्ही वेळा देशातल्या देशात. वायरलेस ऑपरेटरची नोकरी. कानाला हेडफोन, हाताखाली मोर्सची खटखट करणारी पट्टी, समोर घड्याळ आणि निरोप नोंदवायचं लॉगबुक. वर आकाशातून जाणारा वैमानिक कुठल्या देशाचा आहे हे त्यांना आवाजावरून कळायचं, पण तो देश पाहावा असं त्यांना कधी वाटलं नाही. "आपण रस्ता दाखवणारे," म्हणायचे, "आपल्याला कशाला जायचंय?"

निवृत्त झाल्यावर ते जळगावात येऊन राहिले. आई गेल्यावरही तिथंच एकटे. मी धुळ्याला शाळेत भूगोल शिकवते, देवपुरात राहते, आणि शनिवारी एसटीनं जळगावला जाऊन नानांवर आरडाओरडा करून रविवारी परत येते. औषधं वेळेवर का घेतली नाहीत, गॅस चालू का ठेवला, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दिलेले थेंब कुठं गेले. माझा स्वभावच तसा आहे, आधी तोंड सुटतं, मग डोकं चालतं. अक्का माझ्या उलट. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, शांत, बोलायच्या आधी दोन क्षण थांबणारी. लग्न होऊन ती इंग्लंडला गेली त्याला तीस वर्षं होऊन गेली. लंडनपासून दोन तासांवरच्या एका लहान गावात राहायची. दर चार-पाच वर्षांनी यायची, पंधरा दिवस राहायची आणि जाताना शेवयांपासून भाकरीच्या कळणाच्या पिठापर्यंत काय काय बांधून न्यायची.

नानांचा एक छंद होता. जुने प्रवासाचे कागद जमवणं. नोकरीत लागले तेव्हा त्यांच्या वरचे लोक पंख्याच्या विमानांच्या जमान्यातले होते. निवृत्त होताना त्यांनी आपापल्या कपाटातलं भंगार या पोराला दिलं आणि नानांनी ते सोन्यासारखं सांभाळलं. राजाचा मुकुट छापलेला निळा पासपोर्ट, आत कोणा व्यापाऱ्याचा फेटा घातलेला फोटो. देवी टोचल्याचं पिवळं पुस्तक. लाल कार्बन लावलेलं चार पानांचं विमानाचं तिकीट. आणि त्यांचा सगळ्यात लाडका कागद म्हणजे वैमानिकानं उतरल्यावर भरून द्यायचा एक लांब फॉर्म. विमान कुठून आलं, आत माणसं किती, कोणी आजारी आहे का, डास मारायचं औषध फवारलं का.

"हा कागद कुठल्याही देशात उतरलं तरी एकच," नाना आम्हाला सांगायचे. "महायुद्ध संपत आलेलं. एकमेकांची शहरं जाळून झाली होती. तेव्हा लोक एकत्र बसले आणि म्हणाले, आता विमानं सगळीकडे जाणार, तर निदान कागद तरी सारखे ठेवू. शब्द सारखे ठेवू." त्यांचा या गोष्टीवर एखाद्या देवस्थानावर असावा तसा विश्वास होता. शेजारच्या देशाशी आपलं वाकडं असायचं त्या दिवसांतही कराचीहून हवामानाचा निरोप वेळेवर यायचा, हे ते प्रत्येक पाहुण्याला सांगत. तिकडच्या एका ऑपरेटरला ते कधी भेटले नाहीत, नावही माहीत नव्हतं, पण पट्टीवरच्या त्याच्या हातावरून, म्हणजे खटखटीच्या लयीवरून, ते त्याला ओळखायचे. एके दिवशी तो हात बंद झाला आणि दुसरा सुरू झाला. नाना त्या संध्याकाळी जेवले नव्हते, असं आई सांगायची.

अक्काला हे सगळं आवडायचं. लहानपणी ती नानांच्या मांडीवर बसून अल्फा, ब्राव्हो, चार्ली अशी वायरलेसवरची अक्षरं म्हणायला शिकली. मी त्या पिवळ्या पुस्तकावर डॉक्टर-डॉक्टर खेळताना गंधाचा शिक्का मारला म्हणून एकदा मार खाल्ला होता.

दोन वर्षांपूर्वी दिवाळी झाल्यावर अक्काच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, औषधं झाली, आणि पुढच्या पावसाळ्यात डॉक्टरांनी भाऊजींना बाजूला घेऊन सांगितलं की आता महिन्यांत मोजा. तिला विमानात बसवणं शक्य नव्हतं. आमचं बोलणं व्हायचं ते दुपारी दीडला, तिकडे सकाळ असायची. एका दुपारी ती हळूच म्हणाली, "नानांना एकदा बघायचं होतं गं. फोनवर नाही." मग दोन क्षण थांबली. "जमेल का?"

जमेल का म्हणजे काय? मी तिथल्या तिथं जमवायला घेतलं. माझा पासपोर्ट होता, शिक्षकांच्या एका सहलीसाठी काढलेला. नानांचा काढायचा, दोघांचा व्हिसा काढायचा, आणि निघायचं. रविवारी दुपारी धुळ्यात कॉम्प्युटरसमोर बसले. एका कानाला फोनवर नाना, गॅसवर दूध, दारात भाजीवाली. आईचं नाव, बापाचं नाव, पत्ता, ओळखीची खूण. जन्मस्थान. गाव किंवा शहर, आणि खाली जिल्हा. मी दोन्ही चौकटीत जळगाव लिहिलं आणि दुधाकडे पळाले.

नानांचा जन्म चाळीसगावचा आहे. मला हे माहीत नव्हतं असं नाही. त्यांचे वडील तिथं रेल्वेत होते आणि त्या जंक्शनवर गाड्यांच्या शिट्ट्या ऐकत आपण मोठे झालो, हे नानांनी आम्हाला हजारदा सांगितलं होतं. हात चालत होता, डोकं भाजीवालीशी बोलत होतं, एवढंच.

पुढं एक संधी होती. जळगावला पोस्टातल्या पासपोर्टच्या खिडकीवर त्यांनी सगळी माहिती पडद्यावर दाखवली आणि विचारलं, बरोबर आहे ना? नानांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यांना पडदा पांढरा धूर दिसत होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वरून खाली नजर फिरवली आणि म्हणाले, "हो, हो, सगळं बरोबर." फोटो चांगला आलाय का तेवढंच मी पाहिलं होतं.

पासपोर्ट लवकर आला. पोलीस घरी येऊन गेले, त्यांना नानांनी चहा पाजला आणि राजाच्या मुकुटाचा पासपोर्टही दाखवला. नवा पासपोर्ट हातात आल्यावर त्यांनी मला फोन केला. "आत काय लिहिलंय माहितीये? या माणसाला अडथळा न करता जाऊ द्यावं, लागेल ती मदत करावी, अशी विनंती. राष्ट्रपतींच्या नावानं. माझ्यासाठी." मी म्हणाले, बरं, आता तो कपाटात ठेवा आणि कोणाला दाखवत फिरू नका.

ऑगस्टच्या शेवटी आम्ही रेल्वेनं मुंबईला गेलो. व्हिसाच्या कचेरीत नंबर लागला. माझे कागद आधी झाले, बोटांचे ठसे घेतले, पासपोर्ट ठेवून घेतला. मग नाना. खिडकीतल्या मुलीनं त्यांचा पासपोर्ट उघडला, पान डोळ्यांजवळ नेलं, उजेडात तिरकं धरलं. उठून आत गेली आणि एका साहेबांना घेऊन आली.

"आजोबा, हे कोणी केलंय?"

"मी," नाना म्हणाले. ताठ बसले होते. एखादं काम नीट झाल्याचं समाधान त्यांच्या तोंडावर होतं.

मी वाकून पाहिलं. फोटोच्या पानावर, जन्मस्थानासमोरच्या जळगाववर एक बारीक, सरळ, आडवी रेघ होती. वर चाळीसगाव लिहिलेलं, दुरुस्ती केली त्या दिवसाची तारीख, आणि नानांची लहान सही. आधी बॉलपेननं प्रयत्न केला होता, त्याचा ओरखडा प्लास्टिकवर उमटला होता. ते उठेना म्हणून औषधाच्या डब्यांवर लिहायचं काळं मार्कर घेतलं होतं.

"खाडाखोड नाहीये ही," नाना त्या मुलीला समजावून सांगू लागले. "खालचं वाचता येतंय ना? पद्धत तीच आहे. चुकलं तर खोडायचं नाही, रबर लावायचं नाही. एक रेघ मारायची, खरं लिहायचं, सही करायची. सगळ्या देशांत हीच पद्धत." त्या मुलीला लॉगबुक माहीत नव्हतं, आणि असायचं कारणही नव्हतं. साहेब सभ्य होते. म्हणाले, आजोबा, या पानावर पेन टेकवलं की हा पासपोर्ट बाद. नवा काढून या.

बाहेर फुटपाथवर मी नानांना जे बोलले ते इथं लिहिताना लाज वाटते, पण लिहिते. माणसं वळून बघत होती. मी म्हणाले, तुमच्या त्या लॉगबुकापायी पोर मरेल तिकडे वाट बघत. कोणी सांगितलं होतं शहाणपण करायला? चाळीसगाव काय आणि जळगाव काय, कोण विचारणार होतं? अक्कलच गहाण टाकली तुम्ही. नाना हातातली कापडी पिशवी छातीशी धरून उभे होते. फक्त एकदा म्हणाले, "खोटं लिहिलेलं घेऊन तिच्याकडे कसं जायचं?"

जळगाव कोणी लिहिलं, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. छपाईत चूक झाली असंच त्यांना वाटत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसले आणि मी मोबाईलमध्ये तोंड खुपसून बसले. चाळीसगाव स्टेशन आलं, तिथं गाडी पाच मिनिटं थांबली. त्यांनी बाहेर पाहिलंही नाही.

पासपोर्ट खराब झाल्याचा अर्ज करायचा, कारण लिहून द्यायचं, पुन्हा पोलीस, पुन्हा वाट. नानांनी कारण स्वतःच्या हातानं लिहून दिलं. एका पानात, अक्षर मोत्यासारखं. चूक माझी आहे, असं त्यात दोनदा लिहिलं होतं. ते पान मीच पोस्टात नेऊन दिलं, खरं काय ते न सांगता.

या सगळ्यात अक्काचे फोन चालूच होते. पडद्यावर ती दिवसेंदिवस लहान होत होती. नाना तिच्याशी अहिराणीत बोलायचे, ती त्यांची दोघांची भाषा होती. माझ्याशी ते शाळेतल्यासारखं मराठी बोलत, कारण लहानपणी मला अहिराणी बोलायची लाज वाटायची. फोन सुरू झाला की नाना मला म्हणायचे, जा, चहा टाक. मी टाकायचे. आतून त्यांचं पुटपुटणं ऐकू यायचं, मधेच अक्काचं हसणं. मला वाटायचं, बरं आहे, बापलेकींना बोलू दे.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात माझा पासपोर्ट व्हिसा लागून घरी आला. भाऊजींचा फोन आला, "तू तरी ये. लवकर ये." नाना तर मागेच लागले. "तू जाय ना बेटा. मी ऱ्हासू आठे. मी काय धाकला पोरगा शे का?" मी राहीन इथं, मी काय लहान पोर आहे का, हे त्यांनी माझ्याशी अहिराणीत म्हणावं एवढी निकड होती त्यांना.

मी गेले नाही. सगळ्यांना सांगितलं, या वयात नानांना एकटं कसं सोडू? पासपोर्ट आठ-पंधरा दिवसांत येईल, मग दोघं मिळूनच जाऊ. शाळेत सहामाही परीक्षा आहे. विमानाची तिकिटं मिळत नाहीत. भाऊजींना एक कारण, नानांना दुसरं, मुख्याध्यापकांनी रजा मंजूर केली होती तरी त्यांना तिसरं. अक्काला मी म्हणाले, येतोय गं, दोघंही येतोय, थोडी कळ काढ. तिनं नेहमीसारखे दोन क्षण घेतले. "तू एकटी आलीस तरी चालेल," ती म्हणाली. "खरंच चालेल."

व्हिसा आल्यापासून अकराव्या दिवशी अक्का गेली. नानांचा नवा पासपोर्ट त्यानंतर नवव्या दिवशी आला. पोस्टमननं सही मागितली. नानांनी सही केली, पाकीट न उघडता टेबलावर ठेवलं आणि आतल्या खोलीत जाऊन पडले. मीच उघडून पाहिलं. जन्मस्थान चाळीसगाव, महाराष्ट्र. सगळं बरोबर होतं.

दिवाळीच्या आधी भाऊजी अस्थी घेऊन आले. त्यांच्याबरोबर कागदांची फाईल होती. तिकडच्या सरकारचा मृत्यूचा दाखला, दहन केल्याचा दाखला, आपल्या वकिलातीची परवानगी, विमान कंपनीला दाखवायचं पत्र, आणि अक्काचा पासपोर्ट. तिनं शेवटपर्यंत इथलाच पासपोर्ट ठेवला होता. आता त्याचा कोपरा कापलेला होता आणि पानावर रद्द झाल्याचा शिक्का होता. नानांनी भिंग मागितलं. एकेक कागद सावकाश वाचला. तारखा, शिक्के, कोणत्या विमानानं निघाली, कुठं उतरली. एवढ्या वर्षांत मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. ते वाचत होते आणि पाणी कागदावर पडू नये म्हणून मान बाजूला करत होते. "बठ्ठं बरोबर शे, सगळं बरोबर," शेवटी म्हणाले. "कुठं अडवलं नसेल तिला."

दुसऱ्या दिवशी आम्ही तापीवर जाऊन आलो. परत आल्यावर नाना झोपले, आणि मी व भाऊजी स्वयंपाकघरात बसलो. भाऊजी मितभाषी माणूस. कपातला चहा संपवून म्हणाले, "एक विचारू? तू आली का नाहीस?"

मी नेहमीची कारणं सुरू केली. नाना एकटे, परीक्षा. त्यांनी हात वर केला.

"तिला माहीत होतं," ते म्हणाले. "जन्मस्थान तू चुकवलंस ते. मुंबईहून परतल्यावर पहिल्याच आठवड्यात नानांनी सांगितलं होतं तिला. अर्जाची छापील प्रत होती ना त्यांच्याकडे. पासपोर्ट आला त्याच दिवशी त्यांनी ती काढून बघितली. धाकटीला पुन्हा धावपळ नको, तिला कळलं तर ती स्वतःला खात बसेल, म्हणून स्वतःच रेघ मारून मोकळे झाले. दुसऱ्यानं लिहिलेलं आपण दुरुस्त करायचं नसतं म्हणे त्यांच्या कामात. ज्यानं लिहिलं त्यानंच सही करायची. फोनवर तिला म्हणाले, जन्मात एकदाच तो नियम मोडला."

फुटपाथवर पिशवी छातीशी धरून उभे राहिलेले नाना. मी एवढी ओरडत होते आणि ते सगळं ऐकून घेत होते. एका वाक्यात माझं तोंड बंद करता आलं असतं त्यांना.

"तिनंच नानांना सांगितलं, काही बोलू नका म्हणून," भाऊजी म्हणाले. "म्हणाली, ती लाजेल आणि मग यायचीच नाही. आपल्याला काही माहीत नाही असंच दाखवू, म्हणजे ती मोकळेपणानं येईल. शेवटच्या आठवड्यात रोज विचारायची, धाकटी निघाली का? मी पलंगाच्या शेजारी तुझ्यासाठी खुर्ची ठेवली होती."

ते कप विसळायला उठले. मी तिथंच बसून राहिले. नाना एकटे होते म्हणून मी थांबले नव्हते, परीक्षा होती म्हणूनही नाही. अक्काच्या समोर जाऊन उभी राहिले आणि तिनं विचारलं, नाना का नाही आले, तर काय सांगू, या एका भीतीनं मी थांबले. तिला हे कधीच विचारायचं नव्हतं. व्हिसा लागलेला माझा पासपोर्ट अकरा दिवस घरात होता आणि तिला फक्त मी यायला हवी होते.